स्लोचा स्क्रू: जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर समजलेला इंजिनाचा इतिहास

हेडफोन लावला असेल तर आवाज जरा वाढवा, कारण आजचा एपिसोड आवाजाचाच आहे. डोळ्यासमोर आणा. गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रल, पाय ॲक्सिलरेटरवर नाही. आणि इंजिन एकसारखं चालायच्या ऐवजी वर-खाली, वर-खाली करतंय. मध्येच धडधडतं आणि बंद पडतं. पुस्तकात याला ‘आयडल अस्थिर होणं’ म्हणतात. गॅरेजमध्ये म्हणतात, ‘गाडी स्लोला धरत नाही.’

यात इतिहास कुठला, असं वाटेल. आहे. शंभरेक वर्षांचा आहे, आणि मला तो मोखाड्यात समजला.

१९९९ चा जून. मी बारा वर्षांचा, सुट्टी संपत आलेली. माझा मामा मोखाड्याला आश्रमशाळेत मास्तर होता. त्याने एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती, सेकंडहँड, कार्बोरेटरवाली. आळीत तेवढी एकच चारचाकी, त्यामुळे ती मामाची कमी आणि आळीची जास्त होती.

जव्हार-मोखाडा ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. १३४३ पासून त्याचा इतिहास सांगतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, मग हा भाग ठाणे जिल्ह्यात गेला आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्ह्यात आला. राज्यकर्ते बदलले, जिल्हा बदलला, पण रेल्वे काही इथे आली नाही. विक्रमगडकडून या, नाही तर त्र्यंबकेश्वरकडून या, रस्ता डोंगरातूनच. एसटी आणि काळी-पिवळी जीप, यांच्यावर सगळं चालायचं. शाळा, बाजार, दवाखाना, सगळं.

तर मामाची गाडी मेमध्येच स्लोला धरेनाशी झाली. थांबली की बंद. मामाने एका फिटरला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर घेतला, कार्बोरेटरवरचा एक स्क्रू अर्धा फेरा आवळला. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी बंद पडायची थांबली. पाच मिनिटांचं काम. मामा खूश, आम्ही खूश.

हा स्क्रू म्हणजे काय, ते आता बघू.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत करंट. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल एकत्र करतो. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक भोकातून पेट्रोलचा फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच कल्पनेवर चालल्या.

त्यात एक झडप असते, थ्रॉटल. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते आणि इंजिन हवा ओढतं. पाय काढला की ती जवळजवळ बंद होते. पूर्ण बंद झाली तर इंजिन गुदमरेल, म्हणून एक स्क्रू तिला किंचित उघडी धरून ठेवतो. तोच स्लोचा स्क्रू. शेजारी दुसरा स्क्रू असतो, स्लोला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा. या दोघांचा मेळ बसला की इंजिन मिनिटाला आठशे-नऊशे फेरे निवांत मारत राहतं.

आता एपिसोडमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. स्लोला इंजिन सगळ्यात कमी श्वास घेत असतं. म्हणून बारीकशी गडबड सगळ्यात आधी स्लोलाच कळते. समजा एखाद्या रबरी नळीला चीर पडली आणि तिथून चोरटी हवा आत शिरली. गाडी साठच्या वेगाने जात असेल तर एवढ्या हवेच्या लोंढ्यात ती चिमूटभर हवा कुठे जाणवणार? पण स्लोला मुळात हवाच थोडी, त्यात ही चिमूट फार मोठी. पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडतं आणि इंजिन धडधडतं. ज्याच्याकडे मुळात थोडंच आहे, त्याला थोडा तोटाही पहिल्यांदा जाणवतो. मोखाड्यात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणजे स्लो बिघडणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. आणि स्क्रू आवळणं म्हणजे ताप आलेल्याला गोळी देणं. ताप उतरतो, पण आलाय कशाने, ते तसंच राहतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला. एका संध्याकाळी शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. जव्हारला न्यायचं ठरलं. मामा गाडी चालवायला, वहिनी आणि त्यांच्या सासूबाई मागे, मी पुढे टॉर्च धरून. एका उतारावर मामाने ब्रेक दाबला आणि म्हणाला, ‘अरे, हा दगडासारखा झालाय.’ पेडल खाली जाईना. मामाने दोन्ही पाय लावले, गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला. वळणावरच्या कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. कुणी काही बोललं नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘मास्तर, हळूच चला.’ उरलेला रस्ता आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढला. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या एका मेस्त्रींनी गाडी पाहिली. वयस्कर माणूस, बोलणं कमी. त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच नाही. मामाला म्हणाले, ‘मास्तर, गाडी चालू करा आणि ब्रेक दाबून धरा.’ मामाने ब्रेक दाबला तसं इंजिन धडधडायला लागलं आणि ‘सूंऽऽ’ असा आवाज आला. मेस्त्रींनी बोट ठेवलं. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी जाड रबरी नळी खालच्या बाजूने फाटली होती.

बूस्टर म्हणजे ब्रेकला जोर देणारा डबा. तो इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. नळी फाटली की दोन गोष्टी एकदम होतात. चोरटी हवा आत जाते म्हणून स्लो बिघडतो, आणि डब्याला ओढ मिळत नाही म्हणून ब्रेक जड होतो. दोन्ही एकाच चिरेमुळे. मामाला ब्रेक आठवडाभर जड लागत होता, पण त्याने फिटरला ते सांगितलंच नव्हतं. तक्रार स्लोची होती ना! आणि फिटरनेही विचारलं नव्हतं. स्क्रू आवळल्याने आवाज सरळ झाला, आणि जी खूण ओरडून सांगत होती तिचं तोंड बंद झालं.

मेस्त्रींनी नळी बदलली आणि मग तो स्क्रू अर्धा फेरा परत सैल केला. इंजिन शांत चालू राहिलं.

आता प्रश्न असा, की स्क्रू फिरवायची ही सवय आपल्याकडे इतकी का मुरली? उत्तर इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं गाड्यांचे पर्याय मोजकेच. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट बनायची, तिचंच नाव पुढे पद्मिनी झालं. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळाली की ती पिढीभर वापरायची. पार्ट महाग, मजुरी स्वस्त. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे बदलणं नाही, ‘ॲडजस्ट’ करणं. टॅक्सीवाले तर कानाने ट्युनिंग करायचे. यात मोठं कसब होतं, ते नाकारता येणार नाही. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन, पण बॉनेटखाली कार्बोरेटरच होता. आणि स्क्रूसुद्धा.

मग या स्क्रूत सरकारने लक्ष घातलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यात चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात स्लोला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, दुचाकी-तीनचाकीत ४.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा घातली. लक्षात घ्या, मोजायचं स्लोला! पीयूसीवाला गाडी उभी करून सायलेन्सरमध्ये नळी घालतो, ते याच नियमातून आलेलं. तोवर गाडीचा स्लो ही मालकाची खासगी बाब होती. आता ती रस्त्यावरच्या सगळ्यांची झाली.

पुढचे टप्पे भराभर आले. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसं नसलेलं पेट्रोल. १९९९ मध्ये दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयाचा युरो नियमांचा आदेश. २००० मध्ये देशभर नवे धूर-नियम. स्क्रूने एवढं अचूक प्रमाण राखणं अवघड होतं. म्हणून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. आता किती पेट्रोल सोडायचं ते सेन्सरचं ऐकून कंप्युटर ठरवतो, गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. शेवटची नोंदणी असलेली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून बाद झाली, तेव्हा लोकांनी फोटो काढले. त्या पिवळ्या टपाबरोबर स्लोचा स्क्रूही निघून गेला.

स्क्रू गेला म्हणजे भानगड मिटली का? नाही.

गेल्या पावसाळ्यात मी माझी इंजेक्शनवाली गाडी घेऊन मामाकडे निघालो होतो. आरपीएमचा काटा सातशेवरून पंधराशेवर, परत सातशेवर, झोपाळ्यासारखा. चेक इंजिनचा दिवा लागलेला. शहरातल्या एका गॅरेजने आधीच सांगितलं होतं, ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल,’ आणि आकडा ऐकून मी गप्प बसलो होतो. जव्हारला एका तरुण मेकॅनिककडे थांबलो. त्याने स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. मी म्हटलं, ‘मग सेन्सरच ना?’ तो हसला. ‘दादा, हवा जास्त झालीय एवढंच हा सांगतो. कुठून आली ते आपण शोधायचं.’

त्याने एकेक नळी पकडीने हलकेच दाबून पाहिली. इंजिनातली वाफ परत आत नेणारी एक नळी दाबली आणि काटा स्थिर झाला. नळी मागच्या बाजूने चिरलेली. सेन्सर ठणठणीत होता, तो बिचारा खरंच सांगत होता. काटा झोपाळा का खेळत होता? चोरट्या हवेने फेरे वाढायचे, कंप्युटरला वाटायचं फार झालं, तो पेट्रोल तोडायचा. फेरे पडायचे, तो घाबरून परत पेट्रोल द्यायचा. जुना फिटर एकदाच स्क्रू आवळायचा, हा सेकंदासेकंदाला आवळत-सोडत होता. फरक एवढाच.

तर तुमच्या गाडीचा स्लो बिघडला तर काय कराल? आधी बघा, गार इंजिनाला होतं की गरमला, एसी लावल्यावर होतं का. मग ब्रेकचं बघा. गाडी बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय दाबूनच ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला ओढ मिळतेय. नाही गेलं, किंवा ब्रेक दाबल्यावर इंजिन धडधडलं, तर ती गाडी घाटात न्यायची नाही. मग हवा: नळ्या चिरल्यात का, थ्रॉटलवर काजळी बसलीय का. मग करंट: प्लगचं टोक काळं म्हणजे बहुतेक पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी, विटकरी-तपकिरी म्हणजे बरं. जुनी गाडी असेल तर पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल जाते, ती पुसून बघा. मग पेट्रोल: फिल्टर, इंजेक्टर. पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी. आणि इंजिन चालू असताना गाडी मोकळ्या हवेत, हँडब्रेक लावून, हात पट्टा-पंख्यापासून लांब.

डिझेल जीपला हे सगळं लागू नाही. तिथे ठिणगी नसते, जुन्या जीपचा स्लो डिझेल पंप सांभाळतो. तो वेगळा एपिसोड.

मेकॅनिककडे गेलात की गाडीच्या सगळ्या तक्रारी सांगा. ज्या तुम्हाला एकमेकींशी जोडलेल्या वाटत नाहीत, त्यासुद्धा. मामाने ‘ब्रेकही जड लागतोय’ एवढे तीन शब्द बोलले असते, तर त्या फिटरनेही कदाचित स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला असता.

त्या पहाटे जन्मलेली मुलगी आता पंचविशी ओलांडून गेलीय. मामा निवृत्त झाला, ती गाडीही कधीच भंगारात गेली. पण मामा अजून कुठलीही गाडी चालू केली की आधी ब्रेकवर पाय ठेवतो, मान थोडी तिरकी करतो आणि ऐकतो. मग निघतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, ऐकत राहा.