अर्ध्यावर मोडलेला डाव

खेळ अर्ध्यावर मोडला तर पैजेची रक्कम कशी वाटायची? हा प्रश्न गणिताचा कमी आणि भांडणाचा अधिक वाटतो. इटालियन गणिती तार्ताल्या यालाही तसेच वाटले. हे काम गणितापेक्षा न्यायनिवाड्याचे आहे, अशा अर्थाचे त्याने १५५६ साली लिहून ठेवले.

त्याच्या वैतागाला कारण होते. लुका पाचोली याने १४९४ च्या आपल्या ग्रंथात सोपा उपाय सांगितला होता : मिळालेल्या गुणांच्या प्रमाणात रक्कम वाटावी. साठ गुणांच्या खेळात एकाचे ५० आणि दुसऱ्याचे २० गुण असतील, तर वाटणी ५ : २. पण एकाचे १० गुण आणि दुसऱ्याचा भोपळा असताना खेळ मोडला तर? पाचोलीच्या हिशेबाने पहिल्याने सगळीच रक्कम उचलायची! तार्ताल्याने नेमके यावर बोट ठेवले.

हे कोडे १६५४ साली ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा यांच्या पत्रव्यवहारात सुटले. आतापर्यंत कोणी किती मिळवले, याकडे दोघांनी चक्क पाठ फिरवली. मोजायचे ते पुढे काय काय होऊ शकते ते.

पास्कलच्या २९ जुलैच्या पत्रातले उदाहरण पाहू. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली आहेत, म्हणजे एकूण ६४. आधी तीन डाव जिंकेल तो सर्व घेणार. दोघांची जिंकण्याची शक्यता सारखीच. समजा, पहिल्याचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला आहे. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४ मिळतील. हरला तर बरोबरी होऊन ३२. म्हणजे ३२ त्याचीच, उरलेल्या ३२ ची निम्मी मिळून ४८. डाव २–० असेल तर पुढे ६४ किंवा ४८, म्हणून ५६. आणि १–० असेल तर ५६ किंवा ३२, म्हणून ४४. असे शेवटाकडून मागे यायचे.

फर्माने वेगळी वाट धरली. १–० नंतर फार तर चार डावांत निकाल लागतो. चार डावांचे १६ प्रकार, त्यांतले ११ पहिल्याला अनुकूल. ६४ चे ११/१६ म्हणजे पुन्हा ४४!

यावर रोबेर्वाल या गणितज्ञाने हरकत घेतली : खेळ दोन डावांतही संपू शकतो, मग चार का मोजायचे? आम्हाला ही हरकत उत्तराहून मोलाची वाटते, कारण वर्गातली हुशार मुले हीच घेतात. त्यांना खरोखर घडू शकणारे प्रकार लिहायला सांगावे. असे १० प्रकार निघतात आणि त्यांतले सहा पहिल्याचे. मग ६/१० का नाही? कारण सलग दोन डाव जिंकून खेळ संपण्याची शक्यता १/४ आहे, तर चार डाव चालणाऱ्या प्रत्येक प्रकाराची केवळ १/१६. मोजणी चुकत नाही, वजन चुकते. यावर एक तास खर्ची पडला तरी हरकत नाही.

आज पोकर खेळणारे फेरीगणिक हाच हिशेब करतात. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात आणि मध्ये पाच पाने उघडतात : आधी तीन, मग एक, मग एक. समजा, तीन पाने उघडल्यावर आपल्याजवळ, हातातली धरून, चार बदाम झाले. पाचवा बदाम आला तर डाव आपला, नाही तर गेला, असे मानू. न पाहिलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेत. दोन्ही वेळा बदाम न येण्याची शक्यता ३८/४७ × ३७/४६, म्हणजे सुमारे ६५ टक्के. तेव्हा मधल्या १०० रुपयांतले ३५ आपले. चौथे पान बदाम निघाले तर शंभरच्या शंभर. न निघाले तर ९/४६, म्हणजे साडेएकोणीसच्या आसपास. या दोन रकमांची त्यांच्या शक्यतांप्रमाणे सरासरी काढली की पुन्हा ३५ च येतात. पास्कलचीच रीत!

अर्थात, हे ३५ रुपये खेळ तिथेच थांबला तरच खरे. पुढच्या फेरीत पैज वाढवता येते, थाप मारता येते, पाने टाकून उठता येते. पास्कलच्या खेळाडूंना असे काही करायचे नव्हते. दोनच खेळाडूंचा आणि पैजेवर मर्यादा असलेला होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवल्याचे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले, तेव्हा २०१५ साल उजाडले होते.