कावेरीच्या माथ्यावरची रानं

आमच्या आज्जीच्या गोष्टींत राजे थोडे आणि नद्या फार. खरं तर राजांच्या गोष्टी तिच्याकडे मुबलक असायला हव्या होत्या. एकोजीराजांच्या मागून तंजावरकडे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. १८५५ मध्ये तंजावरचं राज्य संपलं, पण माणसं तिथेच राहिली. कुंभकोणमला आमचं बिऱ्हाड झालं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आज्जी मात्र सांगायची ती कावेरीचं.

तिची आवडती गोष्ट तिरुवलंचुळीची. पांढऱ्या गणपतीचं हे गाव कुंभकोणमपासून जवळच, स्वामिमलैच्या वाटेवर. तिथे एकदा कावेरी जमिनीतल्या विवरात शिरली आणि दिसेनाशी झाली. शेतं करपू लागली, चोळ राजा हवालदिल झाला. कुणी तरी विवरात उतरून देह ठेवला तरच ती परत येईल, असं कळल्यावर एरंड ऋषी उतरले. कावेरी वर आली, उजवीकडे वळसा घेऊन समुद्राकडे निघाली. ऋषी काही परत आले नाहीत. एवढं सांगून आज्जी म्हणायची, "आपल्या घाटाला पाणी लागतं, ते कुणी तरी राखलेलं असतं रे."

त्या राखणदारांची गावं कावेरीच्या उगमाशी, कर्नाटकातल्या कोडगूमध्ये आहेत, हे मला फार उशिरा, मोठेपणी कळलं. आमच्याकडचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. जूनमध्ये लावायच्या कुरुवै भाताला तो उपयोगाचा नाही. तेव्हा सह्याद्रीवर कोसळणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊसच कावेरी, हेमावती, काबिनीतून मेट्टूरच्या धरणात येतो. धरण भरलेलं असेल तर रिवाजाप्रमाणे १२ जूनला दरवाजे उघडतात, पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यावरून आमच्याकडे फुटतं. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, बायका घाटावर चित्रान्नं, पिवळा दोरा, काळे मणी घेऊन नदीची ओटी भरतात, ती या पाण्याची.

कोडगूतल्या वृद्धांकडेही कावेरीची गोष्ट आहे, आणि ती ऐकताना मला आज्जीचाच आवाज आठवत होता. अगस्त्यांनी कमंडलूत ठेवलेली कावेरी संधी मिळताच निसटली. कोडव लोकांनी तिला राहा म्हणून विनवलं, बलमुरीला अडवायचा प्रयत्न केला. तिने उजवीकडे वळण घेतलं, आणि त्या लोंढ्याने बायकांच्या निऱ्या पुढून मागे गेल्या. कोडव बायका अजून निऱ्या मागे खोचतात. ती थांबली नाही, पण ती जिथून निघते तिथलं रान मात्र त्यांनी थांबवून धरलं.

त्या रानाला देवरकाडू म्हणतात. कोडगूत अशी १,२१४ आहेत. जवळपास प्रत्येक गावाचं आपलं, कधी एकरभराचं, कधी डोंगरउतार व्यापणारं. आत नागचाफा, राळधूप, रानफणस असे सदाहरित वृक्ष, मुळांवर शेवाळ, आणि जूनपासून सतत ओल. बहुतेकांत देव अय्यप्पा, शिकारीचा देव. त्याला मातीची कुत्री वाहतात. तसेच आमच्या भातशेतांच्या कडेला अय्यनारपुढे मातीचे घोडे उभे असतात. देवरकाडूत वर्षातून एकदा सण, मेद समाजाचे ढोल, कामं वेगवेगळ्या समाजांत वाटलेली. एरवी कुऱ्हाड आत न्यायची नाही, एवढाच कायदा. महाराष्ट्रातल्या देवरायांना हे सगळं परकं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या राईत गारंबीचा एकच वेल उरला होता. साप चावलेल्या गुरांसाठी त्याची साल न्यायला चाळीस किलोमीटरांवरून लोक येत. आजूबाजूला कुठेच तो वेल उरला नव्हता, म्हणून.

पण देवाचं म्हणून सगळं वाचलं, असं म्हणणं खोटं ठरेल. १९०५ मध्ये देवरकाडूंची जमीन सुमारे ६,२७७ हेक्टर होती. १९८५ पर्यंत ती सुमारे २,५५० हेक्टर उरली. मधली ऐंशी वर्षं ती महसूल खात्याच्या ताब्यात होती, मग पुन्हा वनखात्याकडे आली. गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं रान कागदावर सरकारचं झालं की शेजाऱ्याचं कुंपण दरसाल हातभर आत सरकतं आणि गावाला त्याला अडवायचा हक्क उरत नाही. हे माझं ठाम मत आहे. कुंपण सरकवणारं पीक मुख्यतः कॉफी. आणि कॉफीचं नाव निघालं की कुंभकोणमच्या माणसाने मान खाली घालायला हवी. आमच्या डिग्री काफीचा, पितळी डवऱ्यातल्या त्या फेसाचा, केवढा अभिमान! ती बी कुठल्या उतारावर पिकते आणि तिच्यासाठी काय तुटलं, याची चौकशी आमच्या घरात कुणी केल्याचं मला आठवत नाही.

तरी उरलेल्या तुकड्यांची किंमत मोठी आहे. शोनिल भागवत आणि पोन्नमपेटच्या वनमहाविद्यालयातले सी. जी. कुशालप्पा यांनी सहकाऱ्यांसह राखीव जंगल, देवरकाडू आणि सावलीतले कॉफीमळे शेजारी शेजारी तपासले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रदेशनिष्ठ झाडं राखीव जंगलात जास्त होती, पण नामशेष व्हायच्या वाटेवरची झाडं देवरकाडूंतच अधिक सापडली. सरकारी जंगलाच्या मानाने चिमूटभर असलेल्या, गावाच्या धाकाने टिकलेल्या रानांनी हे केलं. २०१८ आणि २०१९च्या पावसात कोडगूचे डोंगर ढासळले, तेव्हा मुळांनी उतार धरून ठेवणारं रान म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

एका देवरकाडूच्या कडेला पंचाऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ भेटले. माझं मोडकं कन्नड त्यांनी समजून घेतलं. त्यांचे वडील वाऱ्याने पडलेला फणसही आतून उचलू देत नसत. देवळाच्या छपराला लाकूड हवं असेल तर आधी गावाची बैठक. आता बैठकीला तरुण येतात का, असं मी विचारलं. "सणाला येतात. बैठकीला बेंगळूरुहून कोण येणार?" म्हणाले. मग त्यांनीच मला विचारलं, की इथलं पाणी तुमच्या गावाला खरंच पोचतं का. मी सांगितलं की चांगल्या वर्षी चक्रपडित्तुरैच्या पायऱ्या बुडतात, आणि वाईट वर्षी नळाखाली घागर धरून आम्ही आडीचा अठरावा साजरा करतो. त्यांनी वाईट वर्षं कुठली ते नीट विचारून घेतलं आणि त्यांतल्या प्रत्येक वर्षी त्यांच्याकडे पाऊस कसा होता, ते आठवून सांगू लागले.