टेमिंग ऑफ द श्रू, द
विल्यम शेक्सपिअरची (१५६४–१६१६) सुरुवातीच्या काळातली पाच अंकी सुखात्मिका. लेखनकाळ साधारण १५९० ते १५९२ मानतात. छापील रूपात ती १६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या संग्रहात, आली.

पाद्वा शहरातला धनिक बॅप्टिस्टा याला दोन मुली. धाकट्या बियांकाला मागण्या पुष्कळ. पण थोरली कॅथरिना उजवल्याशिवाय धाकटीचे लग्न नाही, असा बापाचा हेका, आणि थोरलीच्या जिभेला सारे गाव टरकून. व्हेरोनाचा पेट्रुकिओ वीस हजार क्राउनांचा हुंडा ठरवून तिच्याशी लग्न लावतो. लग्नाला तो मुद्दाम गबाळ्या वेशात येतो, जेवणाच्या पंगतीआधीच तिला घरी घेऊन जातो आणि तिची अन्नझोप तोडतो. शेवटी पेट्रुकिओ धरून तीन नवऱ्यांत पैज लागते : बोलावताच कोणाची बायको येते? येते ती एकटी कॅथरिना, आणि पत्नीधर्मावर चव्वेचाळीस ओळींचे भाषण करते. बियांकाचे उपकथानक जॉर्ज गॅस्कॉइनच्या ‘सपोझेस’ (१५६६) या रूपांतरातून, म्हणजे मुळात इटालियन कवी आरिओस्तोकडून, आलेले आहे. वेशांतराच्या घोटाळ्यांपलीकडे त्यात फारसे काही नाही.

नाटक वाचताना सुरुवातीचा प्रवेश वगळू नये. ख्रिस्तोफर स्लाय नावाचा दारुडा कल्हईवाला शुद्धीवर येतो तेव्हा भोवतालचे लोक त्याला उमराव म्हणून वागवत असतात. एक पोरगा त्याची बायको म्हणून शेजारी बसवलेला असतो. पाद्वाची गोष्ट ही त्याच्यापुढे चाललेला खेळ आहे. फोलिओत पहिल्या अंकानंतर स्लायचा पत्ताच नाही. मात्र १५९४ साली छापलेल्या ‘टेमिंग ऑफ अ श्रू’ या जुळत्या नाटकात तो शेवटी जागा होतो आणि आता आपणही बायकोला वठणीवर आणू म्हणत घरी निघतो. दोन्ही संहितांचे नाते काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तरी स्त्रीचे आज्ञापालन हे एका पिऊन पडलेल्या माणसाला दाखवलेले सुखस्वप्न आहे, हे सूचन दोन्हीकडे आहे. त्यात भर म्हणजे एलिझाबेथकालीन रंगभूमीवर कॅथरिनाची भूमिकाही मुलगाच करी.

खरी अडचण चौथ्या अंकाची. रानातून धरलेल्या ससाणीला उपाशी आणि जागे ठेवून माणसाळवतात, तसेच आपण हिला करणार, असे पेट्रुकिओ प्रेक्षकांकडे तोंड करून सांगतो. याहून चांगला उपाय कोणाला ठाऊक असल्यास बोला, असे आव्हानही देतो. इथे हसणारा प्रेक्षक त्याचा भागीदार होतो. पेट्रुकिओ स्वतःही उपाशी राहतो, हे खरे; पण हा उपास त्याने स्वतः ठरवलेला आहे, तिने नाही. पुढे वाटेत तो भर उन्हात सूर्याला चंद्र म्हणायला लावतो, तेव्हा कॅथरिना ‘हो’ म्हणून थांबत नाही. समोरच्या म्हाताऱ्याला नवयौवना म्हणून त्याच्याही वर कडी करते. खेळ तिला उमगला की ती मोडली, याचा निकाल कागदावर लागत नाही, नटीच्या आवाजात लागतो.

इंग्रज नट डेव्हिड गॅरिकच्या १७५४ मधील छाटलेल्या आवृत्तीने मूळ नाटकाला जवळजवळ शतकभर मागे सारले. बर्नार्ड शॉला शेवटचा प्रवेश सुसंस्कृत माणसाने पाहण्याजोगा वाटला नाही. १९२९ च्या चित्रपटात मेरी पिकफर्डने भाषणाच्या ओघात डोळा मिचकावला आणि ती पळवाट अनेकींनी पत्करली. १९७८ साली दिग्दर्शक मायकेल बॉग्डानॉव्हने क्रौर्य उघडे ठेवले. स्लाय आणि पेट्रुकिओ दोन्ही जोनाथन प्राइसनेच केले. २०१९ च्या रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या प्रयोगात स्त्रीसत्ताक समाज कल्पून भूमिका उलटल्या. या साऱ्यांत बॉग्डानॉव्हची वाट सर्वांत प्रामाणिक. डोळा मिचकावला की उपासमारीचा हिशोबच पुसला जातो.

मराठीत वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘त्राटिका’ हे रूपांतर केले. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवले. गणपतराव जोशी प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग त्राटिका, अशी जोडी होती. म्हणजे इथेही नायिका पुरुषच.

हे नाटक खटकणे ही आजचीच गोष्ट, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु शेक्सपिअरच्या हयातीतच, १६११ च्या सुमारास, नाटककार जॉन फ्लेचरने याचा पुढचा भाग लिहिला. त्यात कॅथरिना वारलेली आहे आणि पेट्रुकिओची दुसरी बायको मरिया लग्नाच्या रात्रीच त्याला दाराबाहेर ठेवून सरळ करते. १६३३ मध्ये दोन्ही नाटके पहिल्या चार्ल्सच्या दरबारात पाठोपाठ झाली, आणि दप्तरातील नोंदीनुसार फ्लेचरचे अधिक आवडले. तेव्हा ‘त्या काळी असेच चालायचे’ हा बचाव टिकत नाही.