आगरकर रस्त्यावरचे सोयाबीन

चिंचवडच्या कारखान्यांत जून महिना सुरू झाला की जेवणाच्या सुट्टीत एकच विषय निघतो. लातूर, धाराशिव, बीड, हिंगोली, वाशीम या जिल्ह्यांतून इथे आलेले कामगार गावी फोन लावून विचारतात, ‘पाऊस किती झाला? पेरलं का?’ आणि जे पेरायचे असते ते बहुतेक वेळा सोयाबीन असते. चाकणच्या पुढे खेड, आंबेगाव, जुन्नरकडे गेलात तर कारखान्यांच्या भिंती संपतात न संपतात तोच हेच पीक लागते. पन्नास वर्षांपूर्वी या भागातल्या शेतकऱ्याला सोयाबीन दाखवले असते तर घेवड्याचा प्रकार म्हणून त्याने ते बाजूला ठेवले असते. आज महाराष्ट्रात ४५ ते ५० लाख हेक्टरवर ते उभे असते. एवढे मोठे पीक आपल्याकडे आले कसे, आणि ते इथे टिकावे म्हणून कोणी काय केले, ते आज सांगायचे आहे.

सोयाबीनचे नाव आपल्याकडे आधी आहाराच्या संदर्भात आले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात त्याचे प्रयोग झाले. १९३५ साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ते रोजच्या जेवणात वापरून पाहिले. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत हा हेतू. पण उग्र वास आणि लवकर न शिजणारा दाणा यामुळे आपल्या स्वयंपाकघराने ते काही मनावर घेतले नाही. त्याच वर्धा जिल्ह्यात पुढे सोयाबीन शेतभर झाले, ते मात्र तेलासाठी आणि पेंडीसाठी. मगनवाडीतल्या ताटाशी त्याचा संबंध उरला नाही.

साठच्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पंतनगर आणि जबलपूर इथे पिवळ्या दाण्याच्या अमेरिकन वाणांच्या चाचण्या सुरू झाल्या. १९६७ साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प उभा राहिला. बियाणे अमेरिकेतून आणायचे, पेरायचे आणि पीक घ्यायचे, इतके हे सोपे का नव्हते? याचे उत्तर १९२० साली गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी देऊन ठेवले होते. ‘बिलॉक्सी’ नावाचे सोयाबीन त्यांनी निरनिराळ्या तारखांना पेरले. पेरणीत आठवड्यांचे अंतर असूनही फुले जवळपास एकाच सुमारास आली. झाड आपले वय मोजत नव्हते, दिवसाची लांबी मोजत होते. खरे तर रात्रीची, हे पुढे कळले.

याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत असा. उन्हाळ्यात जिथे दिवस पंधरा तासांचा असतो, तिथले वाण आपल्या तेरा तासांच्या दिवसात आणून पेरले तर ते वीतभर वाढून फुलावर येते आणि संपते. म्हणून ‘ब्रॅग’सारखे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे वाण इथे त्यातल्या त्यात जमले. सोयाबीनचे संशोधन प्रत्येक टापूत वेगळे करावे लागते ते यामुळेच. आणि दुसरी अडचण मातीतली. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र देणारे जिवाणू आपल्या जमिनीत पुरेसे नव्हते. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे रायझोबियमचे पाकीट चोळायला सांगतात ते त्यासाठी.

आता पुण्याकडे येऊ. चिंचवडपासून पंधरा-वीस किलोमीटरवर गोपाळ गणेश आगरकर रस्ता आहे. त्या रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांची ही गंमत अनेकांना फसवते. रस्ता ‘सुधारक’कारांच्या नावाचा; संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. हे आघारकर १८८४ साली मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांना पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडले होते. पुढे कलकत्ता विद्यापीठात नेमणूक झाली, अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्यामुळे तिथेच स्थानबद्ध झाले. तरीही बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. कलकत्त्याला महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली विज्ञानसंवर्धनाची संस्था काढली होती. तशीच संस्था महाराष्ट्रात असावी म्हणून १९४६ साली पुण्यात ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ स्थापन झाली आणि आघारकर तिच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे म्हणजे ‘एमएसीएस’. इथल्या सोयाबीनच्या वाणांना तीच लागतात: एमएसीएस १३, ५८, १२४, ४५०. १९६० साली आघारकर गेले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. बारामती तालुक्यातल्या होळ गावी संस्थेचे शेत आहे.

पण आपल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या तोंडी नाव राहिले ते दुसऱ्याच वाणाचे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जेएस ३३५ हे वाण १९९४ साली अधिसूचित झाले. ते शंभर दिवसांच्या आत-बाहेर निघते, त्यामुळे मागून हरभरा घेता येतो. तेलगिरण्या उभ्या राहिल्या होत्या, पेंड परदेशी जात होती, काढणीच्या पावसात ज्वारीची कणसे काळी पडत होती. मराठवाडा-विदर्भात ज्वारी, मूग, उडीद मागे सरले आणि एकाच वाणाने शिवारे भरली. ही मोठी जोखीम होती, असे माझे मत आहे.

तिची चुणूक नव्वदच्या दशकातच कृष्णाकाठाने पाहिली. सांगली-कोल्हापूरकडे तांबेरा आला. पानाखाली तांबूस पूड, आणि दाणा भरण्याआधी पानगळ. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कसबे डिग्रज येथील केंद्र नेमके या रोगाच्या घरातच होते. जिथे रोग दरवर्षी येतो तिथेच टिकणारे झाड ओळखता येते. डिग्रजहून ‘फुले कल्याणी’ म्हणजे डीएस २२८ आले, पुढे ‘फुले संगम’ म्हणजे केडीएस ७२६ आले. शेतकरी अजूनही त्याला ‘सातशे सव्वीस’च म्हणतो. मराठवाड्यासाठी परभणीच्या विद्यापीठाने एमएयूएस ७१, १५८, ६१२ ही वाणे दिली.

आणि पुण्याच्या संस्थेचे अलीकडचे गाजलेले वाण, एमएसीएस १४०७? त्याचे वर्तमान २०२१ साली आले. चाचण्यांत हेक्टरी ३९ क्विंटल उत्पन्न, १०४ दिवसांत काढणी, चक्री भुंगा, खोडमाशी, मावा यांना दाद न देणारे, आणि पहिली शेंग जमिनीपासून सात सेंटिमीटर वर, म्हणजे यंत्राने कापायला सोयीची. आपल्या राज्याची सरासरी दहा ते तेरा क्विंटलच्या आसपास रेंगाळते, हे लक्षात घेतले की तो आकडा मोठा वाटतो. अर्थात चाचणीचा वाफा आणि कोरडवाहू रान यांत फरक असतोच. पण ऐकणाऱ्यांचा विरस पुढच्या वाक्याने झाला. शिफारस होती आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांसाठी. पुण्यात काढलेले वाण आमच्या उपयोगाचे नाही का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. उत्तर वर आलेच आहे. समन्वित प्रकल्पात नवे वाण तीन वर्षे देशभरच्या केंद्रांवर पेरले जाते आणि जिथे ते सरस ठरते त्या विभागासाठीच त्याची शिफारस होते. झाडाला जन्मगाव नसते. जबलपूरचे आपल्याला लाभले, तसे पुण्याचे आसामला.

राहिला प्रश्न बियाण्याचा. सोयाबीन स्वपरागीत आहे, म्हणजे घरचे बी सरळ वाणाचेच निघते. दरवर्षी पिशवी विकत घेण्याची गरज नाही. पण या दाण्याचे साल पातळ आणि अंकुर सालीच्या लगतच. पोते उंचावरून आपटले, मळणी यंत्र मिनिटाला चारशे फेऱ्यांच्या वर पळवले किंवा काढणीत पाऊस लागला की दाणा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि उगवत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात असाच पाऊस झाला. पुढच्या जूनमध्ये पेरलेले उगवले नाही, राज्यभर तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ज्यांनी पेरणीआधी बी तपासले होते, त्यांची दुबार पेरणी वाचली.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. चिंचवडहून मे महिन्यात सुट्टीवर गेलेला कामगारही ती ओसरीवर करतो. पोत्यातले न निवडता शंभर दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळायचे, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. सहा-सात दिवसांनी उलगडायचे. सत्तर किंवा जास्त चांगले कोंब असतील तर एकरी तीस किलो बी पुरते. साठ-पासष्ट असतील तर त्या प्रमाणात बी वाढवायचे. त्याहून कमी आले तर ते पोते तेलगिरणीला घालायचे, आणि रजा संपायच्या आत दुसरे बी शोधायला निघायचे.