चिकाचा हलवा आणि कार्डिफचे स्वयंपाकघर

आपल्या स्वयंपाकाचा इतिहास सांगावा, अशी सूचना मंडळींनी मला केली, तेव्हा प्रथम मी संकोचले. मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. माझ्यापाशी परिचर्येची पदविका आहे आणि वजने-मापे लिहून ठेवण्याची सवय आहे. १९७४ साली मी मुंबईहून वेल्समधील कार्डिफ येथे परिचारिका म्हणून गेले, तेथेच निवृत्त झाले आणि आजही तेथेच राहते. म्हणून जे बोलणार आहे, ते थोडे ग्रंथांतले आणि बरेचसे चुलीजवळचे आहे.

आपल्या समाजाचा लिखित इतिहास फार जुना नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपला इतिहास इंग्रजीत लिहिला. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३७ साली, तेल अवीव येथे छापला गेला. त्यात आपल्या सणांची जी जुनी मराठी नावे दिली आहेत, ती पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहावीत. खिरीचा सण. बिरड्याचा सण. अनशी ढाकाचा सण. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या आपल्या पूर्वजांपाशी ग्रंथ उरले नव्हते, असे परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनिवार तेली म्हणविले गेले. सणांची हिब्रू नावे मागे पडली. पण त्या दिवशी घरात काय शिजते, यावरून दिवस ओळखला जात राहिला. यरुशलेमचे मंदिर ज्या दिवशी उद्ध्वस्त झाले, त्या आव महिन्याच्या नवमीला आपल्याकडे बिरड्याचा सण म्हणत. त्याआधी आठ दिवस मांस वर्ज्य असे आणि त्या दिवशी केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढले जाई. मंदिराची कथा किती घरांत ठाऊक होती, कोण जाणे. वाल भिजत घालायचा दिवस मात्र चुकला नाही. हे काम बायकांचे होते, आणि इतिहासलेखकांनी त्याची नोंद दोन-चार ओळींत आटोपली आहे, ही माझी जुनी तक्रार आहे.

आपल्या स्वयंपाकाचा दुसरा आधार नारळ होय. मांस आणि दूध एकत्र करावयाचे नाही, हा तोराचा नियम. आणि कोकणात दारी नारळ. त्यामुळे मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध आले, आणि मांसाच्या जेवणानंतर जे गोड खायचे तेही नारळाच्या दुधातच शिजू लागले. शेजारच्या हिंदू घरातील खीर गाईच्या दुधाची, आपली नारळाच्या दुधाची. किद्दुशसाठी द्राक्षासव मिळत नसे, तेथे काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून शरबत केले. सामग्री कोकणाची आणि नियम सिनायचा, असे हे जेवण आहे.

आता कार्डिफ. कोळशाच्या व्यापारावर वाढलेल्या या बंदरात ज्यू कुटुंबे मुख्यतः पूर्व युरोपातून आली. कॅथीड्रल रोडवरील त्यांचे सिनेगॉग १८९७ साली उघडले; आज त्याचा केवळ दर्शनी भाग उभा आहे आणि मागे कचेऱ्या आहेत. त्या काळी कार्डिफला लष्करी अधिकारी असलेला कर्नल आल्बर्ट गोल्डस्मिड याचा जन्म १८४६ साली आपल्या पुण्यात झाला होता, आणि त्यालाच भेटण्यासाठी थिओडोर हर्झल १८९५ च्या नोव्हेंबरात कार्डिफला आले होते. पुण्यात जन्मलेला ज्यू त्या गावात माझ्याआधीही होता, हे कळल्यावर मला विनाकारण धीर आला.

धीराची गरज होती. ज्या सिनेगॉगमध्ये मी जाऊ लागले, तेथील बायका प्रेमळ होत्या; परंतु साडी नेसलेली, मराठी बोलणारी ज्यू स्त्री त्यांनी पाहिलेली नव्हती. "तुमचे धर्मांतर केव्हा झाले?" असे मला एकीने निरागसपणे विचारले. बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, असे इस्राएलच्या संसदेला १९६४ साली जाहीर करावे लागले होते. मुंबईत ती बातमी आम्ही रेडिओभोवती बसून ऐकली होती. दहा वर्षांनंतर तोच प्रश्न मला चहाच्या कपाबरोबर विचारला गेला. मी वाद घातला नाही. पुढच्या रोश हशानाला चिकाचा हलवा करून न्यावा, असे मनाशी ठरविले.

तो नेता आला नाही. घरी शिजविलेले अन्न सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात आणू नये, असा तेथील नियम होता. कश्रुथची देखरेख ठेवायची तर तो नियम रास्त आहे, हे आज मी म्हणू शकते. त्या दिवशी झाकलेले ताट घेऊन परतताना मला तसे वाटले नव्हते. परंतु त्यातून एक गोष्ट घडली. दारातून परत आलेल्या ताटाची बातमी जिला कळली, ती एक वयस्कर बाई दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर आली. तिचे आईवडील लिथुआनियातून आलेले. तिने हलवा खाल्ला, मधाच्या केकची कृती मला सांगितली आणि हलव्याची कृती मागितली. पदार्थ सिनेगॉगमध्ये जाऊ शकत नव्हता. कृती जाऊ शकत होती. पुढची कित्येक वर्षे आम्ही पाच-सहा जणी एकमेकींच्या घरी जमून हेच करीत राहिलो.

त्या घरांतून मी बरेच शिकले. पेसाखला त्यांच्याकडे तांदूळ आणि कडधान्ये वर्ज्य. आपल्याकडे तांदळाची भाकरी हीच त्या आठवड्याची आधारवड. एकीने मला हळू आवाजात, माझ्या भल्यासाठी, "हे चालत नाही" असे सांगितले. ती अश्केनाझी परंपरा आहे, आमची नव्हे, हे मी तितक्याच हळू आवाजात सांगितले. तेव्हापासून त्या आठवड्यात ती माझ्याकडे पाहुणी आली की तिच्यासाठी बटाटे आणि माझ्यासाठी भाकरी असे. भाकरीला तवा कुठला, तर शेजारच्या वेल्श बाईचा बेकस्टोन. वेल्श लोक आपले छोटे गोड केक या जाड लोखंडी तव्यावर भाजतात. त्यांत पुष्कळदा डुकराची चरबी घालतात. माझ्यासाठी ती लोणी घाली. पेसाखसाठी मात्र तो तवा चालणार नव्हता, म्हणून तिनेच मला बाजारातून नवा कोरा आणून दिला. बिरड्याचे कडवे वाल मुंबईहून पेटीतून येत. कार्डिफच्या थंडीत त्यांना मोड येईनात, तेव्हा फडक्यात बांधून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी ठेवू लागले. दीड दिवसात मोड येत आणि टॉवेलांना वालाचा वास येई.

हलव्याची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. ताटातून परत आलेला तो पहिला हलवा, खरे सांगायचे तर, नीट जमलेला नव्हता. वडी पडत नव्हती. मी आईला पत्र लिहून कृती मागविली. तिचे उत्तर माझ्यापाशी आहे. "चीक बसला की वरचे पाणी काढावे. दूध बेताने घालावे. साखर गोडीप्रमाणे. कडेने सुटू लागला की झाला." औषधाच्या थेंबांचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला हे उत्तर! मी पुन्हा लिहिले, किती ग्रॅम? तिने लिहिले, तू ये, म्हणजे दाखविते. रजा मिळून मी घरी गेले, तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती आणि हलव्याबद्दल विचारण्याची ती वेळ नव्हती.

पुढे ठाण्याला मावशीच्या स्वयंपाकघरात मी वजनकाटा घेऊन बसले. ती प्रत्येक वेळी मूठ भरी आणि मी ती मूठ पातेल्यात पडण्याआधी काट्यावर धरी. "हे काय दवाखान्यातले औषध आहे?" असे ती चिडून म्हणाली, पण तिने थांबून मोजू दिले. तिच्या हातचे माप असे. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवावा, पाणी रोज बदलावे. वाटून, पिळून चीक गाळावा आणि रात्रभर स्थिर ठेवावा. सकाळी वरचे पाणी अगदी निथळून टाकावे. माझी चूक येथे होत होती, मी अर्धे पाणी ठेवीत होते. तीन नारळांचे दूध, दीड लिटर. साखर पाऊण किलो, मीठ चिमूटभर, वेलची. दूध, साखर आणि चीक एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळावे. माझ्या घड्याळाप्रमाणे पावणेदोन तास लागले, आणि त्या अवधीत मावशीने हात एकदाही थांबविला नाही. तूप लावलेले ताट चालत नाही, कारण जेवण मांसाचे असते. ताटाला काही न लावताच ओतावा, वर बदाम-पिस्ते पसरावेत आणि पुरता निवल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या कापाव्यात. अलीकडे पुष्कळ घरांत चायना ग्रास घालून हा वेळ वाचवितात. वडी सुबक पडते. चव मात्र चिकाची राहत नाही, असे माझे मत आहे. माझ्या सुनेचे तसे नाही.

ही कृती आता कार्डिफमध्ये तीन घरांत आहे. त्यांपैकी दोन घरे अश्केनाझी आहेत.

अनशीबद्दल मात्र मला काहीच सांगता येत नाही, आणि तेच विचारण्यासाठी मी आज हे बोलणे स्वीकारले. पेसाखच्या आठ दिवसांत आंबट तोंडीलावण्याचे मडके झाकून ठेवीत, म्हणून अनशी ढाकाचा सण, एवढे ग्रंथात आहे. मडक्यात काय घालीत, किती दिवस आंबवीत, आठ दिवसांनी झाकण काढल्यावर ते खात की टाकून देत, हे माझ्या आईला ठाऊक नव्हते. आजीला होते की नाही, हे मी विचारले नाही. रेवदंडा, पेण, अलिबागकडील ज्या घरांत कोणी वडीलधारी बाई असेल आणि तिला आठवत असेल, त्यांनी कृपया तिच्याकडून ऐकून बुलेटिनकडे लिहून पाठवावे. ग्रॅम नसले तरी चालतील.