सम्राट यंत्राची सावली आणि काळाचा आरंभ

काळाला आरंभ आहे काय, आणि अंत आहे काय? हा प्रश्न विचारण्यास जयपूरच्या जंतरमंतरसारखे दुसरे स्थळ भारतात क्वचितच सापडेल. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेले तेथील सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची तिरपी भिंत जयपूरच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे 27 अंशांच्या कोनात चढते. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र मापपट्ट्यांवरून ताशी सुमारे 4 मीटर सरकते. पट्टीवरील सर्वांत लहान खूण 2 सेकंदांची आहे.

इतक्या बारकाईने काळ मोजणाऱ्या या वेधशाळेत काळाच्या स्वरूपाविषयी मात्र एकमत असणे शक्यच नव्हते. जयसिंहाच्या पदरी सिद्धान्तग्रंथांचे पंडित होते, अरबी-फारसी परंपरेतील मुस्लिम ज्योतिर्विद होते. 1734 मध्ये चंद्रनगरहून जेझुइट पाद्री क्लोद बूदिए तेथे आले. पाद्री आणि मुस्लिम ज्योतिर्विद यांच्या श्रद्धेनुसार सृष्टी एकदाच निर्माण झाली आणि तिचा अंतिम दिवस ठरलेला आहे. सिद्धान्तपरंपरेत सृष्टी कल्पाकल्पाने पुन्हा उद्भवते. आर्यभटाने तर इ.स. 499 मध्येच काळ अनादी व अनंत असल्याचे म्हटले होते. ग्रहांच्या गतीवरून आपण त्याची केवळ गणना करतो, हे त्याचे मत. सूर्यसिद्धान्तही दोन काळ सांगतो: एक लोकांचा संहार करणारा, दुसरा मोजता येणारा.

जयपूरकरांनी हा दुसरा काळ हाती घेतला. जगन्नाथ सम्राटाने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष अरबीतून संस्कृतात आणले. वेधांवर आधारलेली कोष्टके फारसीत ‘झिज-ए-मुहम्मदशाही’ या नावाने सिद्ध झाली. जयसिंहाने पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवून ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके मिळवली, आकाशाशी ताडली, आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक असल्याचे नोंदवले. सृष्टी केव्हा जन्मली यावर मतभेद असूनही चंद्र आज रात्री कोठे आहे, हे सर्वांना एकत्र तपासता येत होते.

या इतिहासाचे स्मरण आज का करावे? कल्पाची 432 कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे 454 कोटी वर्षांचे वय यांतील जवळीक दाखवून ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे वारंवार सांगितले जाते. परंतु ती संख्या खडकांच्या अभ्यासातून आलेली नाही. ब्रह्मगुप्तासारख्या गणिती ज्योतिर्विदांना असा दीर्घ काळ हवा होता, ज्यात प्रत्येक ग्रहाच्या प्रदक्षिणांची संख्या पूर्णांकात बसेल. हे साधन अत्यंत चतुर होते; त्याला भाकीत ठरवणे म्हणजे त्या गणिताचाच अवमान होय.

हाच प्रश्न आपल्या काळात डॉ. जयंत नारळीकरांनी घेतला. फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी 1993 मध्ये मांडलेल्या प्रतिमानात विश्वाला आरंभबिंदू नाही. ते दीर्घकाळ प्रसरण पावत असतानाच अब्जावधी वर्षांच्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरणही करते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही, कारण 1965 मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाचे तपशील महास्फोटाच्या चित्राशी अधिक जुळतात. त्या चित्रानुसार विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे येते. मे 2025 मध्ये पुण्यात निधन पावलेल्या नारळीकरांनी अनादी विश्वाचा पक्ष घेतला. पण त्यासाठी त्यांनी परंपरेची साक्ष काढली नाही, निरीक्षणांशीच वाद घातला.

मात्र 1380 कोटी वर्षांमागेही काळ होता की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. तेथे घनता अनंत होते आणि आइन्स्टाइनची समीकरणे निरुपयोगी ठरतात. सम्राट यंत्रावरही असेच काहीसे घडते. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीची कड सुमारे दोन मिनिटांच्या वाटचालीइतकी पुसट असते. 2 सेकंदांच्या खुणा कोरलेल्या आहेत. सावली नेमकी कोठे संपते हे मात्र निरीक्षकाला डोळे ताणून, पुनःपुन्हा पाहूनच ठरवावे लागते.