काटा शून्यावर आहे, पण दाब?

दारव्ह्यात यंत्रांच्या इतिहासावर बोलायचं म्हणजे सुरुवात शकुंतलेपासूनच. 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर धावलं. मोतीबाग स्थानकात ते नुसतं उभं असलं, तरी त्याच्या पोटात दाब कोंडलेला असे.

त्याच 1923 साली भारतीय बॉयलर कायदा आला. रेल्वेची इंजिनं त्यातून वगळण्याची मुभा सरकारला होती. कारखान्यांचे बॉयलर मात्र त्याखाली आले. बॉयलरची दाबचाचणी पाण्यानं घेतात. का? पाणी फारसं दाबलं जात नाही. पत्रा फाटलाच, तर थोडं पाणी उडतं आणि दाब लगेच उतरतो. हवा मात्र आवळलेल्या स्प्रिंगसारखी उसळते. म्हणून पाणी भरताना आतली हवा आधी वरून बाहेर काढतात.

1974 साली मुंबई हायला तेल लागलं आणि हा प्रश्न आपल्या समुद्रात गेला. तेलक्षेत्रातली उपकरणं तपासताना दोन बंद झडपांमध्ये दाब अडकून राहतो. मापकाकडे जाणारी बारीक नळी मेणानं किंवा गाळानं तुंबली, की काटा शून्य दाखवतो. माणूस निर्धास्तपणे बोल्ट सोडतो आणि टोपण गोळीसारखं सुटतं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले. आम्हाला इथे कुमारिल भट्ट आठवतात. घट दिसत नाही, म्हणून घट नाही, हे ज्ञान भाट्ट मीमांसक प्रमाण मानतात. पण अट अशी, की घट असता तर तो दिसलाच असता. अंधारात ही अट मोडते. तुंबलेल्या नळीवरचा मापक म्हणजे अंधारातला डोळाच!

6 जुलै 1988. उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेलफलाट. एका पंपाची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढलेली होती. रात्रपाळीला ते कळलं नाही. तिनं पंप सुरू केला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. 167 माणसं गेली. 'कुणी काही सांगितलं नाही' याचा अर्थ 'सगळं जागेवर आहे' असा घेतला गेला.

म्हणून बोल्टला हात लावण्याआधी दाब सोडायचा, सोडायची वाट मोकळी आहे ना ते पाहायचं, दुसऱ्या मापकानं पडताळायचं आणि टोपणासमोर उभं राहायचं नाही.

घरोघरी हे ठाऊक आहेच. कुकर गप्प झाला म्हणून कुणी झाकण उघडत नाही. आधी शिट्टी उचलून पाहतात. आणि भोक तुंबलं असेल, तर शिट्टी उचलूनही भागत नाही. कुकर निवेपर्यंत थांबावंच लागतं.